अंदर काहून गेला

प्रिय सौरव,

‘प्रिय’ लिहिलं आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले. मग राहू दिलं, कारण ते खोटं नाही. पण यापुढचं सगळं रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते. फोनवर बोलले असते, पण मी मुद्द्यावर आले की तुला नेमकी मीटिंग आठवते. म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. ऊन पेटलंय, कूलरचं पाणी दुपारपर्यंत आटतं. टीव्हीवर भूकंपाच्या बातम्या थांबल्या म्हणजे तुझ्याकडे सगळं ठीक झालं, असं ती समजून चालते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं.

माझ्या शोरूमचं सांगते, कारण तेही तुझ्याशीच जोडलेलं आहे. भूकंपानंतर त्या एका मॉडेलच्या गाड्या येणंच थांबलं. तुमच्या कारखान्यात सीटबेल्टचं बकल बनतं, ते मिळेना म्हणून गाड्या अर्ध्यात उभ्या, म्हणून वर्धा रोडला आमच्याकडे डिलिव्हरी नाही, आणि म्हणून लोकांच्या शिव्या माझ्या काउंटरवर. धरमपेठेतले एक गृहस्थ टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘भूकंप जपानात झाला न मॅडम? मग अक्षय तृतीयेले गाडी दारात काहून नाही?’ तेव्हा आपला अंकुश तुमच्या त्या कारखान्यात मरून फार दिवस झाले नव्हते. मी हसून म्हटलं, सर, थोडी कळ काढा. या हसण्याचाच पगार मिळतो मला.

मग तुझा तो व्हिडिओ आला. उन्मेष सरांनी शोरूमच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावला. तू पिवळं हेल्मेट घालून उभा, मागे झेंडे, आणि तू इंग्रजीत सांगतोस की इतक्या मोठ्या संकटानंतरही आम्ही लाइन विक्रमी वेळात पुन्हा सुरू केली, कारण आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. सरांनी सगळ्यांना सांगितलं, हा आपल्या काजल मॅडमचा भाऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. कुटुंब म्हणालास तू. त्या कुटुंबातल्या मेलेल्या माणसाचं नावसुद्धा घेतलं नाहीस.

अंकुशला तिकडे कोणी नेलं रे? हिंगण्याच्या कंपनीत बरा चालला होता तो. तू सुट्टीवर आलास, इंदोऱ्यात त्यांच्या घरी जाऊन बसलास, त्याच्या आईच्या हातची पाटवडी खाल्लीस आणि म्हणालास, याचा हात सोन्याचा आहे, याला मी इथं सडू देणार नाही. जयवंता तेव्हा पोटुशी होती, तिच्या मनात नव्हतं. तू तिला म्हणालास, ‘वहिनी, मी आहो न तिथं.’ बाबा असते तर किती खूश झाले असते. ते म्हणायचे, जपान आपल्याला परका नाही, बुद्धाची माणसं आहेत तिकडे. विमानतळावर अंकुशनं तुझ्या बॅगाही स्वतःच ओढल्या होत्या. तुझ्यापेक्षा वर्षभरानंच लहान, पण तुला कायम ‘भाऊ’ म्हणायचा आणि तू सांगशील ते करायचा. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि त्याच्या मरणाचा अहवाल काय आला? की भूकंपानंतर सगळे कामगार सुखरूप बाहेर आले होते, परंतु अंकुश स्वतःचा मोबाईल आणायला, कोणालाही न विचारता, पुन्हा इमारतीत शिरला आणि नंतरच्या धक्क्यात छताची तुळई पडून गेला. मराठीत समजावून सांगणारा तूच होतास. फोन स्पीकरवर होता, मी जयवंताच्या शेजारी बसले होते. तू एकदाही अडखळला नाहीस.

आता त्यांच्या गल्लीत काय चालतं ते ऐक. पानठेल्यावर पोरं म्हणतात, मोबाईलपायी जीव दिला बुवानं. बायका जयवंताला धीर द्यायला येतात आणि जाताना हळूच म्हणतात, आजकालच्या पोरायले मोबाईलचं वेडच लय. त्याची पोरगी परवा अंगणात खेळत होती. शेजारच्या मुलीनं तिला विचारलं, तुझा बाबा मोबाईल आणाले गेला होता न? ती काय सांगणार? चार वर्षांची आहे. हो म्हणाली.

जयवंता रडली नाही. मला आत बोलावून दार लोटलं आणि विचारलं, ‘ताई, मोबाईल तं त्यायच्या हातातच होता. बाहेर निघाल्यावर त्यायनंच मले फोन केला. म्हणे मी मैदानात उभा आहो, घाबरू नको. मंग मोबाईल आणाले अंदर काहून जातीन?’ असं तिनं विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी उठून दाराची कडी लावली, सौरव. कारण तो अंदर काहून गेला, ते मी ऐकलं होतं.

तुला आठवतंय ना? आठवत नसेल तर मी सांगते. भूकंपाची बातमी शोरूमच्या टीव्हीवर लागली आणि मी तुला फोनवर फोन लावत सुटले. शेवटी तू उचललास. ‘ताई, मी ठीक आहो, थांब,’ म्हणालास आणि फोन न ठेवताच दुसऱ्या कोणाशी जपानीत बोलायला लागलास. भोंगे वाजत होते, माणसं ओरडत होती. तो माणूस तुझ्यावर खेकसत होता, तू ‘हाय, हाय’ म्हणजे त्यांचं ‘हो, हो’ करत होतास. आणि मग एकदम मराठी ऐकू आली. तू म्हणालास, ‘अंकुश, ती मापाची पेटी राह्यली अंदर. मास्टर गेजची. ती नसली तं दुसऱ्या प्लँटमध्ये लाइन चालू नाही होत. जाय न गा, पटकन् घेऊन ये.’ अंकुश म्हणाला, ‘भाऊ, छत हालून राह्यलं अजून.’ तू म्हणालास, ‘काही होत नाही. मी आहो न इथं.’ मग मला म्हणालास, ताई, नंतर करतो, आणि फोन ठेवलास.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. तू जिवंत आहेस एवढंच कळलं आणि मी खुर्चीत बसून रडले. गेज म्हणजे काय ते मला नंतर आमच्या वर्कशॉपच्या रामाजींनी समजावलं. बकल मापात आहे की नाही, ते ज्याच्यावर तपासतात ते. त्या मैदानात तुझी मराठी समजणारा एक अंकुश होता, तो गेला. पण इकडे नागपुरात मीही होते.

मी तुला विचारलं. तू आधी म्हणालास, ताई, तुले इथली सिस्टीम समजत नाही. मग म्हणालास, वरून किती दबाव होता तुला काय माहीत. मी ते मानलं. साहेब अंगावर ओरडत असेल, तू घाबरला असशील, पायाखालची जमीन हलत असताना माणसाचं डोकं चालत नसेल. तू अंकुशला मरायला पाठवलं नाहीस, हे मला कळतं. माझ्याकडून चूक झाली असं म्हणाला असतास, तर मी तुझ्यासाठी त्याच्या आईच्या पायाशी जाऊन बसले असते. पण तू काय म्हणालास? ‘तू काही ऐकलं नाही, ताई. फोनवर नुसता गोंगाट होता.’ मला. लहानपणी तुला ताप आला की तुझी बडबड रात्रभर ऐकत बसणाऱ्या मला तू सांगतोस, मी तुझा आवाज ओळखला नाही.

चीड त्याची आहे. एक पेटी राहिली म्हणून तू माणूस आत पाठवलास, आणि त्यानंतर मेलेल्या माणसाच्या हातात खोटा मोबाईल दिलास. गेल्या आठवड्यात ती गाडी आली. त्या धरमपेठच्या गृहस्थांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, बायकोला शेजारी बसवलं. बेल्ट लावला आणि बकल खटकन् बसलं. मी दारात पेढ्यांचा बॉक्स धरून उभी होते. त्यांचा काय दोष? त्यांना गाडी हवी होती, पैसे देऊन घेतली. पण तो आवाज ऐकला आणि मी पेढे दुसरीच्या हातात दिले.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. जयवंताचा पासपोर्ट आला. तिथल्या विहारात ठेवलेल्या अस्थी आणायला ती आणि तिचा भाऊ जितेंद्र येत आहेत, हे तुला माहीत आहे, कारण कंपनीनं दुभाषी म्हणून तुलाच नेमलंय. तुला माहीत नाही ते हे, की मी जे ऐकलं ते सगळं मी तिला सांगितलंय, आणि हे पत्रही पाकिटात घालायच्या आधी तिला वाचून दाखवणार आहे. ते तुझ्या हातात देणारी तीच आहे. तू हे वाचतोयस तेव्हा ती समोरच उभी असेल. उद्या साहेबांपुढे ती एकच प्रश्न विचारेल, माझा माणूस अंदर काहून गेला? तो प्रश्न जपानीत तू नेणार आणि उत्तर मराठीत तू आणणार. तू फिरवाफिरव केलीस तर जितेंद्रनं दुसरा दुभाषी बघून ठेवलाय, आणि साक्ष द्यायला मी आहे. पण तशी वेळ येऊ नये, तुझं तोंड तूच उघडावंस, एवढ्यासाठी रात्र घालवून हे लिहिलं. उद्यापर्यंत थांबू नकोस. पत्र खाली ठेव आणि आत्ताच सांग तिला. ती ओरडणार नाही. तिला फक्त घरी जाऊन पोरीला खरं सांगायचं आहे.

तुझीच,
काजलताई