भलत्या कोपरावर रेललेला कवी

मी, इनॉक टनिक्लिफ, वय वर्षे एकसष्ट, धंदा मातीच्या रंगीत मूर्ती घडवण्याचा, राहणार बर्स्लेम, परगणा स्टॅफर्डशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय वकिलाच्या कारकुनाला सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीत मात्र चाळीस वर्षांची कारखान्याची धूळ बसली आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

१. घर भाड्याचे, त्याची वाटणी नाही. पलंग, घड्याळ आणि ओटच्या धिरड्यांचा तवा माझी मुलगी केझाया हिला. तवा तिने कोणालाही उसना देऊ नये. आधीचा तवा शेजारच्या मिसेस कोपस्टेक घेऊन गेल्या, तो गेलाच.

२. कोरण्या, सुऱ्या, कुंचले हेही केझायालाच. मूर्तींचे डोळे ती रंगवायची म्हणून त्या खपल्या. हे तिच्या तोंडावर मी कधी बोललो नाही. चुकलेच माझे.

३. साचे. खरे तर एवढ्यासाठीच हा कागद.

लंडनच्या मोठ्या देवळात एका कवीचा संगमरवरी पुतळा आहे, पुस्तकांच्या चळतीवर कोपर टेकून उभा. छापील चित्र समोर ठेवून मी तो मातीत घडवला. माझा धाकटा भाऊ जॉब तेव्हा ताटल्यांवर चित्रे छापायचा. तो सगळ्या कामगारांदेखत हसला. म्हणाला, "अरे दादा, तांब्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं! तुझा कवी भलत्याच कोपरावर रेललाय की!" मी म्हणालो, "ताटल्या छापणाऱ्यानं मला शहाणपण शिकवू नये. चालता हो." तो गेला. त्याला एकोणीस वर्षे झाली. आईला पुरतानासुद्धा आम्ही खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो.

सात वर्षांपूर्वी लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी खास आगगाडी सोडली होती, तिने लंडनला गेलो, तेव्हा देवळात जाऊन पुतळा पाहिला. कोपर दुसरेच होते. घरी येऊन गुपचूप सुलटा साचा केला. बाजारात एक मूर्ती खपेल तर शपथ! एक बाई मलाच म्हणाली, "हा कसला हो? खरा आमच्या घरी आहे, तो तिकडे टेकतो!" मग पुन्हा उलटाच विकू लागलो. जॉबला कळवले नाही. लाज वाटली, दुसरे काही नाही.

सबब, उलटा आणि सुलटा, दोन्ही साचे जॉबला द्यावेत. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. त्याचे बरोबर होते. हसला तर हसू द्यावे.

४. बाकी जे उरेल ते केझायाला.

५. इथवर लिहून झाले आणि साक्षीसाठी केझायाने चॅपलचे राल्फ बॅग्नल यांना आणले. मला न विचारता जॉबलाही आणले. पोरगी माझ्यावरच गेली आहे. कारकुनाने तिसरे कलम वाचले. जॉब हसला नाही. टोपी बाजूला ठेवून त्याने लेखणी मागितली.

कारकून म्हणाला, "अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर साचे गेले. दुसरी साक्ष मी घालतो ना."

"जाऊ देत केझायाकडे," जॉब म्हणाला. "दादानं स्वतःची चूक कबूल केलीय. त्याला साक्षीदार मीच पाहिजे."

आता बोलवत नाही. सही करतो.

सही: इनॉक टनिक्लिफ
बर्स्लेम, ९ फेब्रुवारी १८५८

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:
राल्फ बॅग्नल
जॉब टनिक्लिफ, सख्खा भाऊ