दोन काड्या

बाबा, मागच्या वेळी तुम्हाला लिहिताना मी एक गोष्ट चुकीची लिहिली. आग पट्ट्याबाहेर गेली म्हणून तुम्ही त्या मजुरावर रागावलात, असं मी लिहिलं होतं. तसं नव्हतं. आग कुठेच गेली नव्हती.

उन्हाळ्याआधी जंगलात गवताचे पट्टे जाळून मोकळे करायचे, म्हणजे पुढे वणवा लागला तर तो तिथे थांबतो. तुम्ही जंगलखात्याचे नाकेदार. सकाळी एकेकाला पट्टा वाटून द्यायचात आणि नाक्यावर बसून राहायचात. काम संपलं की प्रत्येकाने येऊन हात दाखवायचा. रिकामा हात म्हणजे सगळं नीट. एक काडी म्हणजे काम झालं, पण आग बाहेर गेली. दोन म्हणजे काम अर्धं सोडून आलो. तुमच्याजवळ बसून मी त्याच काड्यांवर आकडे शिकले. त्या दिवशी बाकीचे येऊन गेले, फक्त तो मजूर आला नाही. ऊन डोक्यावर येतं, आई जेवायला बोलावून थकते, तुम्ही हलत नाही. मग तो येतो, अंघोळ करून, डोक्याला तेल लावून.

"काऊन रे, कुठी होतास?"

"घरी होतो भाऊ. काईच झालं नाई, मंग काय सांगाले येऊ?"

"काईच झालं नाई हे मले कोण सांगन? माकडं? तू जळून मेला का जेवून राह्यला, मले इथून कसं दिसन?"

त्याच सकाळी दोन काड्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला मात्र तुम्ही पाणी दिलंत आणि "बस" म्हणालात. हे मी इतकी वर्षं विसरले होते.

चांद्याला नर्सचं शिक्षण मी दिवाळीनंतर अर्ध्यात सोडलं. औषधाची बाटली पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय मला कुणाला देताच येईना. मोठ्या बाई म्हणाल्या, "तू वाचत राहा, तवरक रोगी मरन." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि त्याच आठवड्यात निघून आले. तेव्हापासून वडशाला मामीकडे आहे. तिकडे आपल्या मूल गावात आई शेजारणींना सांगते, खबर नाही म्हणजे पोरीचं बरंच चाललं असेल. मामी टोमणा मारते, "मायले वाटते पोरगी सुया टोचून राह्यली, आन पोरगी इथी तांदूळ निवडून राह्यली." तुम्ही असतात तर रागावला असतात, असं मला वाटायचं. आताही वाटतं. पण शिक्षण सोडलं म्हणून नाही.

हे पत्र चुलीत जाईल. आज खराट्याची काडी मोडली. आधी एकच मोडली, मग दुसरी. दोन्ही पदराला बांधल्या आहेत. आईला त्यांचा अर्थ ठाऊक आहे. तिच्यासमोर तोंड उघडावं लागू नये म्हणूनच त्या नेते आहे, एवढं तुमच्याजवळ कबूल करते. सोमवारी होळी, मंगळवारी धुळवड. मी जाणार बुधवारी, सकाळच्या गाडीने.