ओतीव ठिपके

रविवार, ता. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा थांबला आहे, बोलणं थांबलेलं नाही. तुझं फाउंड्रीतलं ओतकाम ठीक चालू असेल.

गाडीची बातमी आधी. बाबांच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारला रंग लागला, इंजिनही सुरू झालं. पण ती अजून जॅकवरच आहे, कारण डाव्या बाजूचा स्टिअरिंग आर्म, म्हणजे चाक वळवणारा तो वाकडा दांडा, नव्हता. तू घर सोडलंस त्या सुमारास तो गॅरेजमधून गेला. आईने भंगारात दिला, असं बाबांनी ठरवून टाकलं. अजून जेवताना ऐकवतात, "हिला भंगार आणि सोनं सारखंच." आई वाढत राहते.

या गाड्या मुळात मोजक्याच निघाल्या. जुन्या मालकांना विचारलं, गाड्या मोडीत काढणाऱ्यांच्या आवारात चकरा मारल्या, सगळीकडे नन्नाचा पाढा. शेवटी जुने सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मिळाला. "ताई, नशीब काढलंत. असा दुसरा शोधून सापडायचा नाही." तो पावतीपुस्तक आणायला आत गेला, तेव्हा मी मागच्या फळीवरचं कापड उचललं. खाली असेच आणखी दोन होते.

मी कापड परत टाकलं. माझा घेऊन घरी आले.

बाबांची सवय तुला माहीत आहे. गाडीतून काढलेल्या प्रत्येक भागावर पंच, म्हणजे ते टोकदार हत्यार, हातोडीने ठोकून तीन ठिपके, आणि तिसऱ्याला हात घसरून शेपूट. या आर्मवरही तीन ठिपके आहेत आणि तिसऱ्याला शेपूट आहे. पण पंच मारला की कडेचा धातू जरा वर उठतो. भिंगाखाली इथे कडा गुळगुळीत दिसल्या. ठिपके मारलेले नाहीत, ओतलेले आहेत. आपला आर्म घडीव होता, तापवून ठोकून केलेला. हा त्याच्यावरून साचा काढून ओतलेला, वर गंज चढवून म्हातारा केलेला.

ओतकाम येणारी आणि आपल्या गॅरेजची किल्ली असलेली दुसरी व्यक्ती मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कळव.

चीर शोधायचा रंग लावून पाहिला. दांडा वाकतो तिथे केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे जोर आला की तिथेच तुटणार. बाबा पुढच्या रविवारी गाडी घाटात न्यायची म्हणतात. "आर्म आलाय, मग बसवत का नाहीस? इंजिनिअर झालीस की कारकून?" मोजमाप चालू आहे, असं सांगून मी वेळ काढते आहे.

काल आईला तो दाखवला. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "त्याने आपला आर्म पिशवीत टाकला तेव्हा मी दारातच होते. वाटलं, भांडून चाललाय, पण बापाची एक वस्तू जवळ ठेवतोय. ठेवू दे."

"मग इतकी वर्षं बोलणी का खाल्लीस?"

"मला ऐकायची सवय आहे. यांना कळलं असतं तर त्याला परत यायला तोंड राहिलं नसतं." मग म्हणाली, "त्याला लिहू नकोस हं."

म्हणून तिला न सांगता लिहिते आहे. मूळ आर्म पाठव. फळीवरचे दोन उचलून घे, आणि आधी विकले गेले असतील ते कुणाच्या गाडीत आहेत ते शोध. त्या गाड्याही घाटात जात असतील.

बाबांना मी अजून काही बोललेले नाही. आर्म आला की सांगणार आहे, कारण आईने तेवढं ऐकून घेतलं ते पुरे झालं. आई मात्र अजून समजते की तू तो आठवण म्हणून नेलास. फळीवरच्या दोन आर्मबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग.

तुझी,
धाकटी