इरावतीच्या वाटणीचा बर्फ

५ जुलै २०२५
पोचले एकदाची! स्कोफिल्ड्सच्या घरून सहा तास ड्राइव्ह, पण डोंगर बघून शीण पळाला. गोठलेल्या पाणथळीच्या काठावर आमची रिसर्च केबिन, मला स्वतंत्र खोली, बाहेर उघडणारं दार. बर्फात उमटणाऱ्या नक्ष्यांचे फोटो काढायचे. बॉस पॉलीनने वाटण्या केल्यात, डावीकडचा बर्फ इरावतीचा, उजवीकडचा माझा. इथला जुलैतला हिवाळा संपला की दोघींतल्या एकीलाच पर्मनंट करणार आहेत. इरावती मला विनिताताई म्हणते. तीनच वर्षांनी मोठी आहे मी!

९ जुलै
तिच्या बर्फावर रोज सकाळी नक्षी. मधे भोक, भोवती सोळा पाकळ्या, जणू कुणी रांगोळी घातलीय. पॉलीन म्हणते, खालचं पाणी भोकातून वर येऊन पसरतं. मग माझ्या बाजूला काय पाणी नाही? माझा बर्फ परातीसारखा कोरा. वर इरावती मला समजावते, ताई, तुझ्याकडेही येईल, नो वरीज. नुसता जळफळाट झाला.

१२ जुलै
दुपारी दोघी गावात गेल्या होत्या. भाकरीसाठी आणलेलं तांदळाचं पीठ घेतलं आणि तिच्या नक्षीपासून माझ्या दारापर्यंत पावलं काढली, गौरी आणताना काढतो तशी. ये म्हटलं, माझ्याकडे ये. वेडेपणा! पण बरं वाटलं.

१३ जुलै
आली! माझ्या पायरीवर सोळा पाकळ्या. इरावतीचा बर्फ कोरा. तिचं उतरलेलं तोंड बघत सावकाश चहा प्यायले.

१४ जुलै
नक्षी खोलीत आलीय. हीटर चालू, तरी फरशीवर बर्फ. पॉलीनला सांगितलं नाही. मला दुसरी खोली देईल आणि ही इरावतीला. गौरींची तिसऱ्या दिवशी पाठवणी तरी करता येते. हिची कशी करायची? ही कोण, तेही ठाऊक नाही मला.

१५ जुलै, सकाळ
तळपायांवर पाकळ्या. पांढऱ्या. दुखत नाही. इरावतीने पाहिलं, किंचाळली. डॉक्टरकडे चल म्हणून रडत होती. नाटकं मेली! माझं चांगलं बघवत नाही तिला.

दुपार
मांड्यांपर्यंत — मोजल्या, सोळाच. पेन धरवत नाही. किती सुंदर —

छातीवर आली. मधे भोक —
इरावती दार बडवतेय. गरम पाणी आणलंय म्हणते. कडी लावलीय मी. एवढी माझ्याकडे आली, तर इरावती वितळवायला निघाली — नाही देणार — माझी आहे, माझी —