माग बंद असल्याचं कारण

९ जानेवारी, भंडारा
पेपर परत आला. पुन्हा. परीक्षकाचा एकच प्रश्न: कोसा रेशमाच्या मागांच्या या अभ्यासात एका दिवशी एका गल्लीतले सगळेच माग एकदम बंद दिसतात, ते कशामुळे? सोमवारपर्यंत उत्तर हवंय. छापून आला तर प्राध्यापकपदाची मुलाखत, नाहीतर आहे तिथेच. चहा दोनदा गरम केला, प्यायचा राहिलाच.

१० जाने.
पुण्याहून के. सरांचा फोन, माझे सहलेखक. म्हणाले, वीज गेली होती असं लिहून टाका. सर, हातमाग आहेत हो! त्यांना कुठली वीज? मग म्हणाले, बरं, 'टाळता येण्याजोगा विलंब' लिहा, आपल्या औद्योगिक अभियांत्रिकीत चालतं.
चालतं. मीच शिकवते की.
कारण मला माहीत आहे, गल्ली माझ्याच माहेरची. त्या दिवशी शेजारची यमुनाआजी वारली होती. गल्लीत कुणी गेलं की कुणीच मागाचा धोटा हातात घेत नाही. माणसं घाटावरून येऊन आंघोळी करतात, मग माग सुरू. ऑर्डर अडली तरी.

११ जाने.
गावी जाऊन आले. वरठीला कारखान्याची पाळी नेमकी सुटलेली, मोटारसायकलींच्या गर्दीत अडकले. नुसती चिडचिड.
बाबांचा दमा वाढलाय. काका विणतो, बाबा त्याच्या मागाशेजारी खाट टाकून पडून. नागपूरच्या दवाखान्यात यायला तयार नाहीत, तिथे मागाचा आवाज नसतो म्हणे. पेपरचं सांगितलं, थोडी मिरवलेच. 'टाळता येण्याजोगा' म्हणजे काय ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले,
"मी गेल्यावरबी माग थांबतीनच. तवा काय लिवशीन, बाई?"
असलं बोलू नका म्हणून मी ओरडले. राग बाबांवर नव्हताच.

१२ जाने., रवि.
कारणाच्या रकान्यात 'शोक' लिहिलं. के. सर म्हणाले, हे मोजणार कसं? खोडा. खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. माझाच मला वीट आलाय.
घरी फोन केला. मागांच्या खटखटीत काकाचं बोलणं नेहमीसारखंच अर्धं गेलं. बाबा जेवले, एवढं कळलं. बरं वाटलं.

१३ जाने., सोम.
सकाळपासून के. सरांचे मेसेज. रकाना कोराच. वर्गात आज नेमका विषय, थांबलेलं यंत्र म्हणजे नुकसान. पोरं निमूट लिहून घेत होती.
आत्ता केबिनमध्ये आले तर काकाचा फोन. "हॅलो, बाई," एवढंच. मागे एकही माग वाजत नव्हता. दुपार आहे, जेवायला उठले असतील सगळे. असतीलच.
थांब काका, काही बोलू नको, म्हटलं. फोन टेबलावर ठेवलाय. काका अजून लाइनवर आहे.