थायरॉइड नॉर्मल, बाकी सगळं पेंगुळलेलं

सारंगखेडा,
जत्रा उलगली त्यानंतरचा रविवार

तीर्थरूप आशाताईस,

धाकट्या रुपाचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, सुरतेत यंदा थंडी पडली की नुसतीच बातमीत आली, गॅलरीतल्या तुळशीला कबुतरांनी जगू दिलं का, हे सगळं विचारलं असं समज आणि सावकाश उत्तर दे. इकडच्या क्षेमकुशलाची सुरुवात अशी, की माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि मी भाजी निवडता निवडता मेथीच्या जुडीवर डोकं टेकून झोपले.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर ताई, फोनवर तू मला दुसरं वाक्य पूर्ण करू देत नाहीस. शिवाय फोन स्पीकरवर टाकून तू पोळ्या लाटतेस, त्यामुळे माझं दुखणं तुझ्या शेजारच्या काकूंना तुझ्याआधी कळतं आणि त्या मागून गुजरातीत औषध सांगतात. (मागच्या खेपेला त्यांनी सांगितलेला काढा मी घेतला. चव घोड्याच्या खराऱ्यासारखी होती. खरारा मी चाखलेला नाही, पण अंदाज करता येतो.) म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

थकव्याची कथा तुला तुकड्यातुकड्यांत ठाऊक आहेच. सकाळी उठले की वाटायचं, आपण झोपलो नव्हतो, कुणीतरी आपल्याला रात्रभर तापीच्या काठाकाठाने चालवून आणलं. दुपारी नववीच्या वर्गात पचनसंस्था शिकवताना जठरापर्यंत यायचे आणि पुढे आतडं कुठल्या बाजूला जातं तेच आठवायचं नाही. आता आमच्या स्टाफरूममध्ये बायकांना काही झालं की निदान एकच. प्रत्येकीच्या पर्समध्ये सकाळच्या गोळीची छोटी बाटली, आणि उपाशीपोटी घ्यायची की चहानंतर, यावर मधली सुट्टी संपते. मला थकवा आहे कळताच त्यांनी मला जवळ ओढलं. "थायरॉइडच!" एकजात सगळ्या म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. नाव मिळालं की निम्मं दुखणं कमी होतं, आणि गोळी दिसली की घरातली माणसं स्वतःचं ताट स्वतः उचलतात.

आणि रिपोर्ट आला नॉर्मल. लॅबवाल्याने पेढे देतात तशा चेहऱ्याने तो माझ्या हातात ठेवला, आणि ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजार नाही म्हणून रडणारी बाई त्या बिचाऱ्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिली. स्टाफरूमने दुसऱ्या लॅबमधून करून घ्यायला सांगितलं, तोही नॉर्मल. मग रक्त, साखर, ब बारा, ड जीवनसत्त्व, सगळं जागच्या जागी. घरी हेमकांतने (तुझे लाडके मेहुणे) रिपोर्ट उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "चला, काही नाही ना? मग आता जरा चहा टाक."

पण मी विज्ञान शिकवते, ताई. कारणावाचून काही घडत नाही, असं पोरांना दरवर्षी सांगते, मग मी माझ्यापुरतं कसं मानू, की हे उगाच आहे? मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. माझ्या शरीरात काहीतरी चाललं आहे आणि ते मलाच ठाऊक नाही, ही भानगड काय आहे? म्हणून जो जे सांगेल ते मी प्रयोग म्हणून केलं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही, म्हणजे नजर जबरदस्त, असं ठरलं. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून योगवर्गाला गेले. तिथे शवासन मला इतकं साधलं, की वर्ग संपवून बायका हॉलला कुलूप लावून घरी गेल्या आणि मी आत शवच होते. शेवटी हॉलमध्ये हळदीकुंकवाच्या खुर्च्या ठेवायला माणसं आली तेव्हा सुटका झाली. (त्यातला एक किंचाळला. त्याला मी दोष देत नाही.)

आता पपईची गोष्ट. ही तुला मी फोनवर सांगितली नव्हती. शाळेतून स्कूटीवर येत होते. ऊन छान, रस्ता मोकळा, आणि पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एकदम एवढंच, की मी लोटनआप्पांच्या पपईच्या बागेत आहे, स्कूटी आडवी पडून चाक फिरतं आहे, आणि एक कच्ची पपई माझ्या मांडीवर बाळासारखी बसली आहे. आप्पा धोतर सावरत धावत आले. "बेन, लागनं का तुले?" लागलं नव्हतं. कोपर खरचटलं आणि आरसा गेला, बस. पण मी काही बोलण्याआधी आप्पांनीच ठरवून टाकलं, की मी कुत्र्याच्या पिल्लाला वाचवायला गाडी वळवली. पिल्लू खरोखरच रस्त्यात होतं म्हणे. मी नाही म्हणायला गेले, तर नक्की काय झालं ते मलाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि सोमवारच्या परिपाठात मुख्याध्यापकांनी प्राणिदया या विषयावर माझं नाव घेऊन भाषण केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले आणि ताई, आतून गार पडले. कारण त्याच रस्त्याने पुढे उसाचे ट्रॅक्टर येतात. पपईच्या जागी ट्रॅक्टर असता तर?

त्या दिवशी मी किल्ली हेमकांतच्या हातात दिली आणि म्हटलं, "मी गाडीवर झोपले होते. पिल्लू वगैरे काही नाही." तो पांढरा पडला. दुसऱ्याच दिवशी आम्ही नंदुरबारला डॉक्टर निशांकडे गेलो. या मूळच्या अक्कलकुव्याच्या पट्ट्यातल्या, वयाने तरुण, कमी बोलणाऱ्या, आणि समोरचा बोलत असताना खरोखर ऐकणाऱ्या. (असे डॉक्टर असतात, मी पाहून आले.) सोबत सासूबाईही होत्या, कारण गाडी नंदुरबारला जाणार आणि त्या घरी राहणार, असं आजवर झालेलं नाही. डॉक्टरांनी माझी सगळी फाइल पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "झोपेत घोरता का?"

"छे!" मी म्हटलं.

हेमकांत भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी शोधायला लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराने ओठ दाबून बसल्या होत्या, आणि मग त्यांना ते झेपेना.

"व माय, ती तर लगीन व्हयनं तैनपासून घोरस! बठ्ठी गल्लीले माहीत शे!"

ताई, त्या क्षणी मला धरणीने नाही, निदान त्या खुर्चीने तरी पोटात घ्यायला हवं होतं. मी हेमकांतला विचारलं, "आणि तू सांगितलं नाहीस?" तो कॅलेंडराकडेच बघत म्हणाला, "तुला वाईट वाटलं असतं." हा माणूस इतकी वर्षं कानात कापूस घालून झोपतो, आणि मी समजत होते त्याला थंडीचा त्रास आहे! पण रागाच्या मागोमाग मला उत्सुकताच जास्त वाटायला लागली. माझ्याच घशातून रोज एवढं काही निघतं आणि जगात ते न ऐकलेली एकटी मीच. मी विचारलं, "कसा आवाज येतो?" डॉक्टरही म्हणाल्या, सांगा. त्यावर सासूबाई सरसावून बसल्या आणि त्यांनी करूनच दाखवलं. आधी लांब ओढ, विहिरीवरची मोटर पाणी सोडते तशी. मग चढत चढत घर्रर्र. आणि मग एकदम बंद. त्या बंदच राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग एकदम फुर्रकन श्वास सुटला आणि बाहेरच्या नर्सने दार उघडून आत डोकावलं.

मी हसायला लागले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मावशी, हे मधे थांबतं ते दरवेळी असंच?"

"हां. माले भेव वाटस तैन्हा."

मग त्यांनी समजावलं. झोपेत माझा घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून मला जागं करतो, मी परत झोपते, परत अडतो. मला पत्ता नाही, पण रात्रभर हाच खेळ. म्हणजे मी झोपत होते, पण झोप मिळत नव्हती. थायरॉइड बिचारा पहिल्यापासून निर्दोष होता. अशा बायका थकवाच सांगतात, म्हणाल्या, घोरणं सांगत नाहीत, कारण त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. हे असंच राहिलं तर रक्तदाब आणि हृदयावरही येतं, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं.

(आणि मग मला तोरणमाळची सहल उमगली. घाटातल्या वळणांवर पोरं देवाचं नाव घेत होती आणि मी पुढच्या सीटवर गाढ. मधेच बस थांबवून ड्रायव्हर खाली उतरला आणि बराच वेळ इंजिन तपासत राहिला. मी जागी होऊन विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "आता आवाज बंद झाला बाई." मागची पोरं का फुटून हसत होती, ते मला आत्ता कळलं.)

घरीच बोटाला आणि नाकाला वायरी लावून तपासणी झाली आणि रिपोर्ट आला. नॉर्मल नव्हता! ताई, काय आनंद! स्टाफरूममध्ये हा आजार कुणालाच नाही. आता नाकावर मुखवटा, त्याला सोंडेसारखी नळी आणि उशाशी एक छोटं मशीन, ते हवा ढकलून घसा उघडा ठेवतं. सासूबाईंनी मला त्यात पाहिलं आणि हात जोडले. नंतर म्हणाल्या, गणपती वाटला. लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. पहिले काही दिवस मुखवटा ओढून फेकून द्यावासा वाटला, नाकाला घट्टा पडला. मग एका सकाळी मी उठले आणि पडूनच राहिले. काहीतरी वेगळं होतं, काय ते कळेना. काही दुखत नव्हतं. डोकं धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ. बाहेर दूधवाला हाक मारत होता आणि मला त्याचा राग आला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला रोज उठल्यावर असंच वाटतं?"

"कसं व?"

"झोप झाल्यासारखं."

"मंग काय!" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. मला हुंदका आला. किती वर्षं मी समजत होते, की मी स्वभावानेच आळशी आहे.

एवढंच लिहायचं होतं. मुलांना आशीर्वाद. तुझ्या शेजारच्या काकूंना सांग, काढा बंद केला आहे.

तुझी,
रुपा

ता. क. : एवढंच नव्हतं. काल राजेंद्रभाऊजी आमच्याकडे आले. नंदुरबारला काम आहे असं तुला सांगून निघाले होते. तू त्यांच्याशी बोलत नाहीस आणि पुढच्या खोलीत झोपतेस, कारण त्यांनी तुझ्या नणंदेसमोर 'ही घोरते' म्हटलं. नणंदेसमोर म्हणायला नको होतं, त्यासाठी मी त्यांना भरपूर बोलले. पण ताई, तूही दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या झोपतेस. तुझाही थायरॉइड नॉर्मल आहे. मी भाऊजींना विचारलं, "मधे थांबतं का?" त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आवाजाची मला सवय आहे. तो थांबतो तेव्हा मी उठून बसतो आणि परत सुरू व्हायची वाट बघतो." आता तू पुढच्या खोलीत, तर ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. तुला ठाऊक नव्हतं ना?

ता. क. दुसरा : शनिवारच्या गाडीने नंदुरबारला ये. डॉक्टर निशांना सांगून ठेवलं आहे. नाही म्हणायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

ता. क. तिसरा : या पाकिटावर तिकीट नाही, हे तू पाहिलंच असशील; ते भाऊजींच्याच हाती पाठवलं, दाराखालून सरकवायला. भाऊजींनी सासूबाईंकडून ती नक्कल शिकून घेतली आहे, पण ती करून दाखवायची नाही अशी मी त्यांना शपथ घातली आहे. तुझं वाचून होईपर्यंत घरात पाऊल ठेवायचं नाही, असंही सांगितलं आहे. जिन्यात उभे असतील. दार उघड.