पाचवीच्या वहीतला सरपंच

१२ जानेवारी
गुड्डीची परवा इंग्रजीची चाचणी. लेक पाचवीत आली तरी 'आय' आणि इंग्रजीतल्या 'मी'ची गडबड. मी स्वतः दहावीला इंग्रजीत काठावर पास, तरी बसले शिकवायला. करतो तो आय, ही, दे. ज्याला होतं तो मी, हिम, देम. "दादानं तुला मारलं, सांग." "ही हिट मी!" लगेच जमलं. मारामारीतलं पोरांना बरोबर कळतं.

१३ जाने.
भाकरी थापता थापता सराव. हे आले, "मायलेकीची लई फाडफाड चाललीय!" म्हणत ग्रा.पं.चे कागद पुढे केले. पिठाच्या हातानं सह्या केल्या. वाचलं नाही. सरपंच म्हणून निवडून आले मी, शिक्का ह्यांच्या खिशात. सवयीचं झालंय.

१६ जाने.
वही परत आली. घरच्यांवर पाच वाक्यं. गुड्डीनं लिहिलंय: माय फादर इज सरपंच. ही गोज टू मीटिंग. पीपल कॉल हिम. माय मदर इज ॲट होम. शी हेल्प्स हिम.
सगळ्यांवर बरोबरची खूण. बाईंनी! निवडणुकीच्या निकालादिवशी मला पेढा भरवणाऱ्या बाईंनी!
"गुड्डे, सरपंच कोण हाय?"
"पप्पा."
"अन् मी?"
"तू मम्मी हायेस ना!" वर हसली.

१७ जाने.
आमटी खारट झाली. पोरीवर कसला राग? मागच्या २६ जानेवारीला झेंड्याची दोरी ह्यांनी ओढली. मी बायकांत बसून टाळ्या वाजवल्या. ती शेजारीच होती. पाहिलं तेच लिहिलं.

१९ जाने.
ह्यांना वही दाखवली. वाटलं, चपापतील. हे खूश! ओसरीवरच्या माणसांना वाचून दाखवली. "पोरगी लई हुशार हाय!" माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त लागतं.
म्हटलं, "यंदा झेंडा मी लावणार."
"कावून? काय झालं?"
खरंच कळलं नव्हतं त्यांना. मग म्हणाले, "बघू." ह्यांचं बघू म्हणजे न्हाई.

२५ जाने.
उद्याच्या झेंड्यासाठी शेजारच्या दिंद्रुड गावाहून साडी इस्त्री करून आणली. खुंटीला लावली. शेजारच्या खुंटीवर ह्यांचा पांढरा सदरा, तोही कडक इस्त्रीचा.
गुड्डी दोन्हीकडे बघत होती. "मम्मी, माझं वाक्य चुकलं का?"
उद्या सकाळी सांगते म्हटलं.